कठीण मुरूम, कठीण ऊन

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे डांबरीकरण चालू असते तेव्हा हॉटमिक्सचा माल दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतानाच अंथरावा लागतो. वरून ऊन, खालून डांबर आणि मध्ये फावडे धरलेला माणूस. त्याच्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचे नारिंगी किंवा पोपटी जॅकेट असते. भरधाव गाडीवाल्याला माणूस दिसावा म्हणून ते सक्तीचे केले आहे आणि ते योग्यच आहे. पण ते बहुतेकदा पॉलिस्टरचे असते. गाडीपासून वाचवणारे हे कापड अंगावरचा घाम नीट वाळू देत नाही, उन्हाच्या तापात स्वतःची भरच घालते. कामावर गाडीखाली आलेल्या मजुराची नोंद होते, गुन्हा दाखल होतो. उन्हाने कोसळलेल्या मजुराच्या कागदावर अनेकदा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ एवढेच येते आणि ठेकेदाराची जबाबदारी तिथेच संपते.

म्हणून अंग थंड ठेवणारे सुरक्षा जॅकेट ही कल्पना मला मनापासून महत्त्वाची वाटते. ती नवीही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत बर्फाची जॅकेटे काही दशकांपूर्वीच वापरून पाहिली गेली. जपानमध्ये कमरेशी दोन छोटे पंखे बसवलेली जॅकेटे आज बांधकामावर सर्रास दिसतात. कतारमध्ये विश्वचषकाची स्टेडियम बांधणाऱ्या कामगारांसाठी खास थंड पोशाख तयार करवून घेतला गेला. आपल्याकडेही काही शहरांत वाहतूक पोलिसांना कूलिंग जॅकेट आणि वातानुकूलित हेल्मेट देऊन पाहिली आहेत. या वस्तू स्वस्त होतील, सुधारतील आणि लवकरच निविदांमध्ये, कंपन्यांच्या सामाजिक निधीत, पुढाऱ्यांच्या वाटप-कार्यक्रमांत दिसू लागतील. ते व्हायच्या आधी एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. विश्रांतीच्या जोडीने मिळालेले जॅकेट हे संरक्षण आहे. विश्रांतीऐवजी मिळालेले जॅकेट हे त्याच माणसाकडून त्याच उन्हात आणखी काम काढून घेण्याचे साधन आहे. या दोहोंतला फरक कापडात नसतो. तो मजुरीच्या हिशेबात असतो.

हे का, ते समजायला आधी शरीराचा हिशेब पाहू. फावडे, कुदळ, घमेले यांचे जड काम करणारा माणूस ताशी साधारण ३५० ते ५०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो आणि तिचा फार मोठा वाटा उष्णता होऊन अंगातच साठतो. ही उष्णता बाहेर टाकली नाही तर शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून चढू लागते. ते ४० च्या पुढे गेले की बोलणे बरळते, तोल जातो, शुद्ध हरपते. हाच उष्माघात. हवा अंगापेक्षा गार असते तोवर थोडी उष्णता हवेत जाते. हवा ४२ अंशांवर गेली की उष्णता उलट बाहेरून आत येते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

आता जॅकेटकडे पाहा. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. म्हणजे अंगावर वाळलेला एक लिटर घाम सात किलो बर्फाची बरोबरी करतो. बर्फाचे जॅकेट अंगावर वागवता येईल असे हवे, म्हणून त्यात दोनेक किलोच बर्फ मावतो. तो वितळून आलेले पाणी तीस अंशांपर्यंत तापले तरी एकूण हिशेब २२० किलोकॅलरीच्या घरात जातो. जड कामाच्या अर्ध्या तासाची उष्णता तेवढी असते आणि त्यातही बराचसा गारवा बाहेरची हवाच खाऊन टाकते. बर्फाऐवजी अठ्ठावीस अंशांच्या आसपास वितळणारा मेणासारखा पदार्थ भरलेली जॅकेटे मिळतात. ती अंगाला बोचत नाहीत आणि कातडी गोठवत नाहीत, पण किलोमागे बर्फापेक्षा कमीच उष्णता घेतात. एकदा सगळे वितळले की अंगावर उरते ते दोन किलोचे ओझे आणि घामाची वाट अडवणारा थर. पुन्हा गोठवायला फ्रीझर किंवा बर्फाचे पाणी लागते. विदर्भातल्या मे महिन्यात टाकीचे पाणीच तीस अंशांच्या वर असते आणि वीटभट्टीवर फ्रीझर नसतो.

तिसरा प्रकार पाण्यात भिजवून घालायच्या जॅकेटचा. हा स्वस्त आहे आणि त्याचे शास्त्र विदर्भातल्या घराघराला ठाऊक आहे. कूलरच्या वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडले की कोरडी गरम हवा गार होऊन आत येते, तेच इथे अंगावर होते. अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात हे जॅकेट खरोखर उपयोगी आहे. मुंबई, ठाणे, रायगड, गोवा इथे ते जवळजवळ निकामी आहे, कारण दमट हवेत ना जॅकेटचे पाणी वाळत, ना अंगावरचा घाम. दमट हवा काय करते हे आपण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला पाहिले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला उघड्या मैदानावर बसलेल्यांपैकी १४ जणांचा त्या उन्हाने जीव घेतला. पारा ४५ वर नव्हता, चाळिशीच्या आतच होता. आणि ती माणसे फावडे मारत नव्हती, बसलेली होती. पंख्यांच्या जॅकेटचा हिशेब वेगळा. ते घाम वाळवायला मदत करते, म्हणून मध्यम तापमानात आणि दमटपणात चांगले. पण हवाच चाळिशीच्या पुढे गेली की तीच तापलेली हवा ते अंगावर फेकत राहते.

तेव्हा संपूर्ण राज्यासाठी एकच जॅकेट खरेदी करण्याची निविदा निघाली तर ती वाया गेली म्हणून समजावे. कुठले जॅकेट, कुठल्या हवेत, कुठल्या कामाला आणि किती मिनिटांसाठी, हे ठरवल्याशिवाय ही वस्तू वाटणे म्हणजे औषधाचे नाव न पाहता गोळ्या वाटणे होय.

याहून गंभीर धोका वेगळाच आहे. कातडी गार वाटली की माणसाला बरे वाटते. पण कातडीचा गारवा आणि आतल्या शरीराचे तापमान या दोन गोष्टी आहेत. आतली उष्णता चढत असताना बाहेरून गार वाटत राहिले तर ‘आता पुरे, सावलीला बस’ हा शरीराचा इशाराच उशिरा ऐकू येतो. ज्याला बसायची मोकळीक आहे त्याला याने फारसे बिघडत नाही. ज्याची मजुरी कामाच्या मापावर आहे, तो त्या गारव्याच्या भरवशावर आणखी चार घमेली टाकणार. जॅकेटने दिलेली सवलत अशी कामातच विरून जाते आणि जोखीम होती तेवढीच राहते.

इथे आपण मूळ प्रश्नाशी येतो. कामगाराला मिळणारी उष्णता दोन ठिकाणांहून येते, सूर्याकडून आणि त्याच्या स्वतःच्या स्नायूंकडून. सूर्यावर कोणाचा इलाज नाही. स्नायू किती वेगाने चालतात हे मात्र माणसे ठरवतात, आणि कष्टाच्या कामात ते ठरवणारी मुख्य गोष्ट म्हणजे मजुरीचा दर. ऊसतोडीला टनावर पैसे, वीटभट्टीला हजार विटांवर पैसे, खोदकामाला घनमीटरवर पैसे. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. ऊसतोड टोळीत एक दिवस कामाला गेले नाही तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड भरावा लागतो. अशा माणसाला ‘भरपूर पाणी प्या, दुपारी बारा ते चार उन्हात जाऊ नका’ असे सांगणारे शासकीय पत्रक हातात देणे हे त्याच्याशी बोलणेच नव्हे. तो उन्हात अज्ञानाने जात नाही. सावलीत बसलेल्या प्रत्येक तासाची किंमत त्याला त्याच्या खिशातून द्यावी लागते, म्हणून तो जातो. म्हणून मी म्हणतो की अंगात उष्णता निर्माण करण्यात मजुरीच्या दराचा वाटा उन्हाइतकाच खरा आहे आणि त्याला हात न लावता वाटलेले कोणतेही जॅकेट अर्धवटच राहणार.

कामगार सुरक्षेच्या शास्त्रातही हाच क्रम सांगितला आहे. आधी धोका दूर करा, जमले नाही तर यंत्राने किंवा रचनेने कमी करा, मग कामाच्या वेळा आणि पद्धती बदला, आणि शेवटी, बाकी सगळे करूनही उरलेल्या धोक्यासाठी, माणसाच्या अंगावर साधन चढवा. जॅकेटचे स्थान या शेवटच्या पायरीवर आहे. आपल्याकडे सुरुवात तिथूनच होते, कारण शेवटच्या पायरीवर मालकाला काही बदलावे लागत नाही. वस्तू विकत घेऊन द्यायची, सही घ्यायची. पुढे काही झाले तर ‘साधन दिले होते, त्याने घातले नाही’ म्हणायला मोकळे.

वरच्या पायऱ्या आपल्याला अनोळखी आहेत असेही नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून सरकारपुढे जे मागणे मांडले, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्धा तास विश्रांतीही होती. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, त्या काळात कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारा कायदा झाला. महाराष्ट्रातल्या कामगार चळवळीची सुरुवातच विश्रांतीच्या मागणीने झाली आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामाच्या खोलीतले तापमान सुसह्य ठेवण्याची आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी देण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण हे सगळे छपराखालच्या माणसासाठी होते. रस्ता, शेत, भट्टी, खाण, गोदी, पार्सल पोचवणारी दुचाकी, इथे छप्परच नाही आणि आज बहुसंख्य कष्टकरी तिथे आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातले २४० कोटींहून अधिक कामगार, म्हणजे सत्तर टक्क्यांवर, कामाच्या काळात अतिउष्णतेला सामोरे जातात आणि दरवर्षी सुमारे १९ हजार त्यात प्राण गमावतात. याच संघटनेने २०१९ मध्ये अंदाज केला होता की २०३० पर्यंत भारताचे कामाचे ५.८ टक्के तास उष्णतेने वाया जातील. हे तास कोणाच्या खात्यातून वजा होणार, हाच खरा राजकीय प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या जुन्या कागदांतच आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी लाखो माणसांच्या पाठीशी उभी राहिली. त्या कामांचा मोबदला मापावर असे आणि मापाचा दर सरसकट नव्हता. मऊ मातीचा दर वेगळा, मऊ मुरमाचा वेगळा, कठीण मुरमाचा त्याहून जास्त, खडकाचा आणखी जास्त. माती किती लांब टाकायची आणि किती उंच चढवायची, यालाही दर होता. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत आजही हे वर्गीकरण आहे. यामागचा विचार अत्यंत न्याय्य आहे. जमीन कठीण असेल तर तेवढ्याच मेहनतीत कमी खोदले जाईल आणि तो दोष खोदणाऱ्याचा नाही. मग ऊन कठीण असेल तर? चव्वेचाळीस अंशांत, दर तासाला सावलीत बसून, माणूस जानेवारीइतके खोदू शकत नाही. मुरमाचा कठीणपणा दरात धरणाऱ्या राज्याने उन्हाचा कठीणपणा दरात का धरू नये?

हे स्वप्नरंजन नाही. आंध्र प्रदेशात रोजगार हमीच्या कामांवर उन्हाळी महिन्यांसाठी कामाचे माप कमी करून पूर्ण मजुरी देण्याची पद्धत अनेक वर्षे चालली. कतारने २०२१ मध्ये नियम केला. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद, आणि वेट बल्ब ग्लोब तापमान ३२.१ अंशांच्या वर गेले तर कुठल्याही वेळी काम बंद. या मापात नुसती हवा नसते. दमटपणा, ऊन आणि वारा हे सगळे त्यात धरलेले असते, म्हणून ते वर्तमानपत्रातल्या सावलीतल्या पाऱ्यापेक्षा प्रामाणिक असते. तिथे कामगारांच्या चार दवाखान्यांत उष्णतेच्या त्रासाने येणाऱ्यांची संख्या २०२० मध्ये १,५२० होती, ती २०२२ मध्ये ३५१ वर आली. सारे श्रेय एका नियमाला देता येणार नाही. पण ध्यानात घ्यावे ते हे की थंड पोशाख तिथे आधीच आलेला होता आणि तरीही काम थांबवण्याचा नियम करावा लागला. जपाननेही जॅकेटांवर भिस्त ठेवली नाही. १ जून २०२५ पासून तिथे ठरावीक उष्णतेच्या वर काम करवून घेणाऱ्या मालकाने आजारी पडणाऱ्याला ओळखण्याची आणि उपचाराची व्यवस्था आधीच केलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे.

‘विश्रांती दिली तर उत्पादन घसरेल’ हा आक्षेप लगेच येतो. एल साल्वादोरमधल्या ऊसतोड कामगारांचा अनुभव याला उत्तर देतो. मध्य अमेरिकेच्या ऊसपट्ट्यात तरुण तोडणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत होती. उन्हातले अतिश्रम आणि शरीरातले पाणी आटणे हे त्यामागचे प्रमुख कारण मानले जाते. तिथे एका प्रयोगात फडात हलवता येणारी सावली, पाठीवर पाण्याची पिशवी, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती आणि सुधारलेला कोयता दिला. ऊसतोड कमी झाली नाही, माणशी रोजची तोड वाढली. थकलेल्या, तहानलेल्या माणसाचा कोयता मंद चालतो, हे कुठल्याही मुकादमाला मनातून ठाऊक असते. बीड, धाराशिव, जालन्याहून उसाच्या फडात जाणाऱ्या आपल्या कोयत्यांसाठी, त्या नवरा-बायकोच्या जोड्यांसाठी, हे का होऊ नये?

आणि स्त्रियांचा विचार तर जॅकेटच्या चर्चेत येतच नाही. कामाच्या जागी आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणी पिणे टाळतात. पाणी नाही तर घाम नाही, घाम नाही तर गारवा नाही. तमिळनाडूत ८०० गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात आढळले की अतिउष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भ वाया जाण्याचा धोका सुमारे दुप्पट होता. अशा स्त्रीसाठी कुठल्याही जॅकेटपेक्षा मोरी आणि दार असलेले शौचालय हे उष्णतेपासूनचे मोठे संरक्षण आहे.

मग जॅकेट नकोच का? हवे, आणि काही ठिकाणी तातडीने हवे. काही कामे थांबवता येत नाहीत आणि पहाटेवर ढकलताही येत नाहीत. भर दुपारी चौकात उभा वाहतूक पोलीस, तुटलेली तार जोडायला खांबावर चढलेला वीज कर्मचारी, रुळांचा ताण तपासणारा ट्रॅकमन, आगीशी झुंजणारा जवान, कोल्हापूरच्या फाउंड्रीत भट्टीपाशी उभा असलेला किंवा जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लाल सळई धरणारा कामगार. यांना त्यांच्या कामाला आणि हवेला जुळणारे जॅकेट मालकाच्या खर्चाने मिळायला हवे. वितळल्यावर बदलायला दुसरा संच, तो गोठवायची सोय, धुण्याची व्यवस्था आणि किती मिनिटांनी उतरवायचे याची ठरलेली वेळ, हे सगळे त्या खर्चातच धरलेले असावे. जे काम पुढे ढकलता येते तिथे मात्र आधी वेळ बदलावी. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत परततात. त्यांना हे कुणा तज्ज्ञाने शिकवलेले नाही.

पैसा कुठून येणार, असे विचारतील. बांधकामावर एक टक्का उपकर १९९६ च्या कायद्यापासून आहे आणि तो कामगारांच्याच कल्याणासाठी आहे. त्यातून महाराष्ट्रात सुरक्षा संच आणि भांड्यांचे संच वाटले जातात. त्याच पैशातून प्रत्येक मोठ्या कामावर सावलीचा मांडव, गार पाणी, वेट बल्ब ग्लोब मोजणारे उपकरण आणि गरज असेल तिथे जॅकेट देता येईल. विश्रांतीच्या तासांची मजुरी मात्र कामाच्या अंदाजपत्रकातच धरली पाहिजे. ती ठेकेदाराच्या दयेवर सोडली की ती कधीच मिळणार नाही, हे मजुराला आजही ठाऊक आहे.

काहींना वाटेल की कायदे बदलायला वर्षे जातील आणि जॅकेट उद्या देता येईल, तर उद्याचे काम का अडवायचे? अडवू नयेच. पण जे जॅकेट देतील त्यांच्याकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे की ते घालणाऱ्याची विश्रांती एका मिनिटाने कमी होणार नाही आणि त्याचे माप वाढणार नाही. हे लिहून द्यायला जो तयार नसेल, त्याला मजुराची काळजी नसून दुपारच्या चार तासांची काळजी आहे.

सुरुवात सरकारने स्वतःच्या कामांपासून करावी. रस्ते, कालवे, शाळा-इमारती, पाणीपुरवठा, या सगळ्यांचे दर सरकारच ठरवते. त्या दरसूचीत मार्च ते जूनसाठी एक स्तंभ वाढवावा. अमुक तापमानाच्या वर तासाला इतकी विश्रांती, माप तेवढे कमी, मजुरी पूर्ण. मुरमासाठी हे करणाऱ्या राज्याला उन्हासाठी करायला कुठला नवा शोध लागत नाही. एका अधिसूचनेवर एक सही लागते आणि ती पुढच्या मार्चच्या आत झाली पाहिजे.